झरा नसलेली गोळी

"आला! झरा आला!"

किसनच्या तळहातावर आडवा पडलेला नारळ हळूहळू उठला, डुलला आणि शेंडी वर करून ताठ उभा राहिला. अंगणातल्या शे-दीडशे माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या. जिची गोळी होती ती बाई मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. आनंदानं! तिच्या नवऱ्याची साखरेची गोळी जिवंत निघाली होती म्हणून.

"पुढची पिशवी!" आनंदा मेडिकलवाला ओरडला.

हे कुठल्या आडरानात चाललं नव्हतं. बदलापूर स्टेशनवरून शेअर रिक्षा केली की थोड्या वेळात चामटोली. तिथं किसन पाणाडीच्या घरापुढं सारवलेलं अंगण, वर निळी ताडपत्री, मधोमध लाकडी पाट. दर रविवारी सकाळी लोक तिथं रांग लावायचे. अंबरनाथचे, उल्हासनगरच्या कॅम्पांतले, बदलापूरच्या नव्या टॉवरांतले. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घरातलं झाडून सगळं औषध. बीपीचं, थायरॉइडचं, म्हातारीच्या गुडघ्याचं, बाळाच्या खोकल्याचं. एकेक पाकीट पाटावर ठेवायचं आणि किसननं त्यावर नारळाचा हात फिरवायचा. नारळ उभा राहिला तर गोळीत झरा आहे, खा. आडवाच राहिला तर गोळी मेलेली आहे, फेका.

पाणाडी म्हणजे बोअर मारायच्या आधी जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस. किसनचं त्यात मोठं नाव. चामटोलीच्या आसपासचे निम्मे बोअर त्याच्याच नारळानं दाखवलेले. आता आमच्या या पट्ट्यात पावसाळ्यात एवढं पाणी मुरतं की डोळे मिटून भोक पाडलं तरी बहुतेक ठिकाणी ओल लागतेच. पण पाणी लागलं की किसनचा नारळ, आणि नाही लागलं की मालकाचं नशीब. असा धंदा कुणाला नको? मग जमिनी बिल्डरांनी घेतल्या, भाताच्या खाचरांत सात मजली इमारती उभ्या राहिल्या, नळ आले, आणि पाणाड्याला कुणी विचारेना. तेव्हा किसननं नारळ जमिनीवरून उचलला आणि औषधांवर धरला. त्याच सुमारास नाक्यावर आनंदाचं मेडिकल उघडलं. हा योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा बापडे.

किसनचं बोलणं मात्र ऐकावं. आवाज मऊ, घाई नाही.

"पाणी दोन परकारचं असतं, बरं का बाय. जित्तं नि मेलेलं. डबक्यातलं पण पाणीच, पण त्याला झरा नाय. गोळीचं तसंच हाय. जिला झरा हाय ती रगतात जाऊन वाहते. जिला झरा नाय ती पोटात जाऊन निस्ती बसते, भाडं न देनाऱ्या भाडेकरूसारखी. उठता उठत नाय."

लोक माना डोलवायचे. भाडेकरूचा दाखला तर बदलापूरकरांना फारच पटायचा.

आणि गंमत बघा. नारळ उभा राहायचा तो रंगीत, चकचकीत, जाहिरातवाल्या पाकिटांवर. जेनेरिकच्या दुकानातलं साधं, पांढरट पाकीट पाटावर आलं की नारळ मेल्यासारखा पडून राहायचा. नारळाला छापील किंमत वाचता येत होती. "मेलेली" गोळी निघाली की आनंदा हळूच म्हणायचा, "घाबरू नका काकी, झऱ्यावाली आपल्याकडे आहे." तीच गोळी, तेच औषध, दुसरं नाव आणि कित्येक पट भाव.

मी अंबरनाथ पूर्वेला आयुष्यभर विज्ञान शिकवलं. माझी जीभ तिखट आहे असं पोरं म्हणायची, ते खरंच आहे. असल्या ठिकाणी मी एरवी पाय ठेवला नसता. दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण माझा धाकटा भाऊ धर्मराज त्या रांगेत जाऊन आला होता.

धर्मराज आनंदनगरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कामाला. कॉन्ट्रॅक्टवर, सगळी हयात कॉन्ट्रॅक्टवरच. दिवाळीनंतर त्याच्या छातीत कळ आली. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, त्याला स्टेंट म्हणतात. घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोळी वेगळी काढून आमच्यासमोर धरली. "ही रक्त पातळ ठेवते. वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. ही थांबली तर स्प्रिंगमध्ये रक्ताची गुठळी धरेल, आणि मग आमच्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळणार नाही." मी तिथंच विचारलं, जेनेरिक चालेल का? डॉक्टर म्हणाले, चालेल, औषध तेच आहे, बिनधास्त घ्या. मी स्वतः जाऊन आणून दिली. तो खात होता आणि तब्येत छान होती.

मग कारखान्यातल्या चंदूनं त्याला चामटोलीला नेलं.

मला पत्ता लागला तो कौसावहिनींकडून. मी सहज गेले होते, तर त्या चहा टाकता टाकता म्हणाल्या, "वन्सं, त्यांच्या गोळ्या संपल्यात. पगार झाला की आणणारेत."

"संपल्या कशा? दोन महिन्यांच्या आणून दिल्या होत्या मी!"

वहिनींनी धर्मराजकडे बघितलं. धर्मराजनं टीव्हीकडे बघितलं. मी टीव्ही बंद केला.

"आक्का, त्या गोळ्यांत झरा नव्हता," तो म्हणाला.

मला आधी कळेचना हा काय बोलतोय. कळलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात नारळ फुटला नाही, अंगारा लागला नाही, कुणाच्या अंगात आलं नाही. आणि हा शहाणा नारळाला विचारून औषध खातोय!

"लाज नाही वाटली? बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुला?"

"अगं आक्का, ते देवाचं थोडंच आहे? तिथं ना आरती ना नैवेद्य. ते टेस्टिंग आहे. चंदूच्या सासऱ्याच्या शेतात त्या किसननंच पाणी काढून दिलंय."

आता बोला! देव सोडला, पण नारळ दुसऱ्या दारानं टेस्टिंग होऊन घरात आला. आनंदाच्या दुकानातून यानं महागाचं एक पाकीट घेतलं, ते संपलं, आणि दुसरं घ्यायला हातात काही नव्हतं. स्वस्तातली गोळी मेलेली म्हणून खायची नाही, महागातली परवडत नाही म्हणून खायची नाही. मधल्या मध्ये हा माणूस स्प्रिंग घालून नुसता फिरत होता. आणि असा तो एकटा नव्हता. ही खरी भयानक गोष्ट आहे, ती नीट ऐका. त्या अंगणातून घरी गेलेली किती माणसं महाग औषध घेत होती कोण जाणे, पण काहीच न घेणारी पुष्कळ होती.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, अभिजीत. आनंदनगरलाच एका औषधाच्या कारखान्यात गोळ्यांच्या तपासणीवर असतो. मी त्याला घरी बोलावून विचारलं. तो हसला.

"मॅडम, आमच्याकडे एकाच मशीनवरून गोळी पडते. सकाळी एका कंपनीच्या नावाच्या पाकिटात भरतो, दुपारी दुसऱ्या. एकाचा भाव दुप्पट, तिप्पट, कधी दसपट. कंपनीनं औषध शोधून काढलं की काही वर्षं ते तिच्या एकटीच्या मालकीचं असतं. ती मुदत संपली की कुणीही बनवावं. मग भाव कशाचा? नावाचा, जाहिरातीचा, दुकानदाराच्या मार्जिनचा."

"आणि खराब माल? तो नसतोच असं सांगू नकोस मला."

"असतो ना. स्वस्तात निघतो, महागातही निघतो. बनवणारा चोर असला की निघतो. म्हणून तर तपासणी असते, बॅच नंबर असतो, तक्रार करायला सरकारी खातं आहे. गोळी किती वेळात विरघळते ते आम्ही भांड्यात घालून बघतो, मॅडम. नारळ नाही लागत."

"हे तू लोकांना का सांगत नाहीस?"

तो म्हणाला, "माझी आई गेल्या रविवारी तिथं रांगेत होती."

त्या आठवड्यात मी नारळ घेऊन बसले. सोललेला, शेंडी ठेवलेला, पाण्यानं गच्च भरलेला नारळ. शेंडी बोटांकडे करून तळहातावर आडवा ठेवायचा. मग बोटं नखभर उचलायची आणि मनगट नखभर खाली सोडायचं. जड बूड तळहाताच्या खळग्यात सरकतं, शेंडीकडची बाजू वर उचलली जाते आणि नारळ उभा! पहिल्या दिवशी तो माझ्या पायावर पडला. चौथ्या दिवशी मी शेजारच्या शलाकाला स्वयंपाकघरात उभा करून दाखवला, तर तिनं हातच जोडले. मी म्हटलं, "अगं बये, जोडू नकोस!" हाताची हालचाल इतकी बारीक असते की समोरच्याला दिसत नाही. कधीकधी करणाऱ्यालाही कळत नाही. डोळ्यांनी महाग पाकीट बघितलं की हात आपोआप झुकतो. किसन सगळं जाणूनबुजून करत होता की निम्मं स्वतःलाच फसवत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. आनंदा मात्र जाणूनबुजून करत होता.

रविवारी मी धर्मराजला बरोबर घेतलं आणि चामटोली गाठली. पिशवीत मलमाच्या असतात तशा बारा पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या होत्या, बुडाला नंबर टाकलेल्या. रक्त पातळ ठेवणारी गोळी मी आनंदाच्या आणि जेनेरिकच्या, दोन्ही दुकानांतून आणली होती. पाच महागातल्या, पाच स्वस्तातल्या.

माझा नंबर आला तेव्हा मी मोठ्यानं विचारलं, "किसनभाऊ, जमिनीखाली दोनशे फुटांवरचं पाणी तुमच्या नारळाला कळतं ना?"

"कळतं बाय. चारशे फुटांवरचं पण कळतं."

"दगड मध्ये असला तरी?"

"काळा पाषाण असूदे."

"मग एवढ्याशा डबीतली गोळी कळेलच."

तो थबकला. आनंदा पुढं झाला, "मॅडम, आज गर्दी आहे, पुढच्या वेळेस..." पण गर्दीला तमाशा हवाच असतो. "होऊन जाऊ द्या! बाबांना काय अवघड आहे!" अशी ओरड झाली. ज्या गर्दीच्या जोरावर किसन उभा होता तिनंच त्याला पुढं ढकललं.

"डब्या कोण भरणार?" मी विचारलं. "मी नाही, आनंदाही नाही."

रांगेतून उल्हासनगरच्या एक सिंधी काकू पुढं आल्या. "मैं भरती हूं. मेरा बीपी का गोली इसने फेंकवाया, मेरे को भी देखना है." त्या गोळ्या आणि डब्या घेऊन गोठ्यामागं गेल्या. दहा डब्यांत एकेक गोळी टाकली, दोन रिकाम्या ठेवल्या, कुठल्या नंबरात काय ते मोबाइलवर टिपून घेतलं, आणि डब्या आनंदाच्याच माणसाकरवी आत पाठवून स्वतः गोठ्यामागंच थांबल्या. अंगणातल्या कुणालाच माहीत नव्हतं कुठल्या डबीत काय आहे.

किसननं डोळे मिटले. ओठ पुटपुटले. पहिल्या डबीवर नारळ आडवा. दुसरीवर उभा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसरीवर आडवा, चौथीवर उभा. किसनच्या कपाळावर घाम दिसायला लागला, पण तो थांबला नाही. शेवटपर्यंत नारळ सहा डब्यांवर उभा राहिला.

मी काकूंना हाक मारली. त्या आल्या, मोबाइल वाचायला लागल्या. नारळ उभा राहिलेल्या सहा डब्यांपैकी दोन महागातल्या. तीन स्वस्तातल्या, त्याच मेलेल्या, झरा नसलेल्या.

"और ये बचा," काकू सहावी डबी हातात घेऊन म्हणाल्या, आणि झाकण उघडून ती त्यांनी पाटावर उपडी केली. त्यातून काही पडलं नाही. ती रिकामी होती.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं अंगण हसायला लागलं. मी पिशवीतून श्रीखंडाची गोळी काढली, पाटावर ठेवली, किसनच्या हातातला नारळ मागून घेतला आणि तिच्यावर उभा करून दाखवला. "हे बघा, माझ्या गोळीतसुद्धा झरा आहे!" मग हात सगळ्यांसमोर धरून बोटं कशी उचलायची, मनगट कसं सोडायचं ते तीनदा दाखवलं. अभिजीतनं सांगितलेलं सगळं सांगितलं. दोन पोरांनी तिथल्या तिथं नारळ उभा केला. मला वाटलं, झालं! सुटलो आपण!

इतक्यात मागून एक गृहस्थ म्हणाले, "पण मॅडम, डबी प्लास्टिकची होती. प्लास्टिकमधून शक्ती पास होत नाही."

"अहो, तुमच्या घरात पाणी येतं ते कसल्या पाइपातून येतं?" मी खेकसले. पण वाट सापडली होती. किसननं शांतपणे कपाळ पुसलं.

"बाय, तुमच्या मनात खोट हाय. शंका घेऊन विहिरीवर गेलं की झरा आटतो. तुमचा दोष नाय. शिकलेल्या माणसाचं असंच होतं."

आणि लोकांनी माना डोलवल्या! आत्ता ज्यांनी रिकामी डबी बघून पोट धरून हसून घेतलं, त्यांनीच! त्यांच्या चेहऱ्यांवर मला सुटका दिसली. इतके दिवस फेकलेली औषधं, महागाची खरेदी, सांगितलेले अनुभव, सगळं फुकट गेलं असं कोण कबूल करणार? त्यापेक्षा प्लास्टिकला दोष देणं सोपं. रांग परत लागली. एक बाई माझ्या दंडाला हात लावून अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमचं तेवढं बघून होऊ द्या, मग बोला तुम्ही."

निदान सिंधी काकू तरी, म्हणून मी त्यांच्याकडे वळले. त्या पिशवी उचलून निघाल्याच होत्या. म्हणाल्या, "आप सही हो, टीचर. ये झूठा है. पर मैं महंगावालाच लेगी. टेंशन नहीं रहता."

परत येताना रिक्षात धर्मराज मात्र हसत होता. "काय फजिती केलीस आक्का! रिकाम्या डबीत झरा!" मांडीवर थाप मारून मारून हसला. मी त्याचा हात धरला. "मग आता?" "आता काय, उद्यापासून तीच गोळी चालू. शपथ घालू नकोस, सांगतो ना." मी वाटेतच उतरून नवी पाकिटं घेतली आणि त्याच्या हातात दिली. शे-दीडशे जणांना नाही पटलं तरी चालेल, माझ्या एका माणसाला पटलं, या समाधानात मी त्या दिवशी घरी आले.

दोन आठवडेही झाले नसतील. सकाळी तो कारखान्याच्या बसची वाट बघत नाक्यावर उभा होता. उभ्या उभ्या खाली बसला. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा जीव गेलेला होता. माझा धर्मा! लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन शाळेत जायचे, बाई ओरडायच्या तरी खाली ठेवायचे नाही.

तिथल्या डॉक्टरांनी जुने कागद बघितले. "रक्त पातळ करायची गोळी बंद होती का?"

"छे! रोज चालू होती," मी ठासून सांगितलं. "स्वस्तातली, पण चालू होती."

कौसावहिनी जमिनीकडे बघत होत्या. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझा पदर धरला.

"वन्सं, नाही खाल्ली त्यांनी. एकपण नाही."

"अहो, पण माझ्यासमोर कबूल केलं त्यानं! नारळ खोटा आहे हे डोळ्यांनी बघितलं!"

"नारळ खोटा आहे असंच म्हणायचे. पण म्हणायचे, 'कौसे, जन्मभर रेशनचा तांदूळ खाल्ला, सरकारी दवाखान्यात रांगा लावल्या, दुसऱ्यानं वापरलेले कपडे घातले. निदान औषध तरी एक नंबरचं खाऊ दे मला. या महिन्यात ओव्हरटाइम करतो आणि चांगली गोळी आणतो.' तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगू नको म्हणाले."

नारळ कसा उभा राहतो ते मी शिकून घेतलं होतं, डब्यांना नंबर टाकले होते. पण गरिबाला जे मिळतं ते कमअस्सलच असतं, हे त्याला सगळ्या जगानं लहानपणापासून शिकवलं होतं, आणि बहुतेक वेळा जगानं ते खरं करून दाखवलं होतं. किसननं फक्त त्यावर हात फिरवला.

जलदान विधीला घर माणसांनी भरलं होतं. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं, धर्मराजविषयी चार लोक चांगलं बोलले. मग जेवणं चालू असताना चंदू हात धुता धुता कुणाला तरी सांगत होता, "स्वस्तातल्या गोळ्यांनी घात केला हो. चामटोलीच्या बाबांनी सांगितलं होतं, यात झरा नाही. बहिणीनं ऐकलं नाही. सगळ्यांसमोर बाबांचा अपमान केला आणि भावाला तीच गोळी खायला लावली."

मी ताटावरून उठले. "चंदू, त्यानं ती गोळी खाल्लीच नाही! खाल्ली असती तर कदाचित आज इथं बसला असता!" एक म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "राहू दे गं पोरी, दुःखात माणूस काहीबाही बोलतं." मी कौसावहिनींकडे बघितलं. तुम्ही तरी सांगा, असं मी डोळ्यांनी विनवलं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेल्या.

त्यांना तरी काय दोष देऊ? नवरा स्वस्तातल्या गोळीनं मेला हे ऐकून घेता येतं. औषध घरात होतं, हात लांब केला की मिळत होतं, आणि तरी मेला, हे कोणत्या बायकोला चारचौघांत म्हणवेल?

चामटोलीची रांग आता रस्त्यापर्यंत जाते असं अभिजीत सांगतो. तिथं माझ्या भावाचं नाव घेऊन दाखला देतात. आनंदानं अंबरनाथला दुसरं दुकान काढलंय.

तरीही लिहिते, कारण शाळेतली सवय जात नाही. बाबांनो, औषधाचं खरं नाव पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. मोठं, रंगीत नाव कंपनीचं असतं. बारीक अक्षरं तीच आणि ताकद तीच असेल तर औषध तेच. शंका आली तर डॉक्टरांना विचारा, बिल मागा, बॅच नंबर बघा, गोळी फुटकी, डागाळलेली वाटली तर तक्रार करा. शंका जरूर घ्या, पण दोन्ही पाकिटांवर घ्या, फक्त स्वस्तावर नको. आणि कुणी काहीही सांगो, नारळ सांगो की शेजारी सांगो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू औषध बंद करू नका. महागाची परवडत नसेल तर स्वस्तातली खा. न खाल्लेली गोळी कुणालाच लागू पडत नाही. एवढं साधं आहे हे, पाचवीतल्या पोराला कळेल. माझ्या सख्ख्या भावाला मी ते समजावू शकले नाही, तर तुम्हाला काय समजावणार?

परवा कौसावहिनींचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, मी जेनेरिकच्या दुकानातून आणली. तेव्हापासून रोज सकाळी त्यांच्याकडे जाते. त्या माझ्यासमोर गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात, "झालं वन्सं" म्हणतात आणि लगबगीनं मोरीकडे जातात. दार लावून घेतात. मी बाहेर उभी राहून कान देते. नळ चालू असतो, दुसरं काही ऐकू येत नाही.